कानातला गळा : गायन ऐकण्यासाठी इअरफोनची निवड

कानाच्या नळीत बसवायचे इअरफोन विकताना ‘व्होकलसाठी उत्तम’ हे बिरूद सर्रास लावले जाते. परंतु त्याची कोणतीही प्रमाणित व्याख्या नाही, आणि ते वापरणाऱ्यांच्या मनात किमान दोन भिन्न गोष्टी असतात. काहींच्या लेखी त्याचा अर्थ गायकाचा आवाज साथीच्या वाद्यांपुढे ठळकपणे उभा राहणे असा असतो, तर काहींच्या लेखी तो आवाज त्याच माणसाच्या गळ्यातून निघाल्यासारखा, म्हणजे त्याच्या वजनासह, श्वासासह आणि खरखरीसह ऐकू येणे असा असतो. हे दोन गुण एका इअरफोनात नांदू शकतात, पण बहुधा नांदत नाहीत. कारण पहिला गुण ध्वनीच्या वरच्या पट्ट्यात थोडी भर घालून स्वस्तात साधता येतो आणि दुसरा नेमका त्या भरीमुळे बिघडतो. दुकानात दोन मिनिटे ऐकताना पहिला गुण जिंकतो. रोज तास-दोन तास ऐकणाऱ्याला मात्र दुसऱ्याचाच उपयोग होतो, आणि निवडीचे बहुतेक प्रश्न या एका भेदाभोवती फिरतात.

गळ्यातून निघणारा स्वर हा एकच कंप नसून एक मूळ कंप आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांचे अनेक उपस्वर यांचा समूह असतो; वारंवारता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपांची संख्या, आणि ती हर्ट्झमध्ये मोजली जाते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा सुमारे २०८ हर्ट्झवर. त्या पुरुषाचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास आणि त्या स्त्रीचा तार पंचम ६२३ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे सर्वसाधारण ख्यालगायनातील बहुतेक सगळे मूळ स्वर १०० ते ६५० हर्ट्झ एवढ्याच अरुंद पट्ट्यात मावतात. त्यावरून एवढा पट्टा नीट वाजवला की काम झाले, असा समज होण्याचा संभव आहे. पण तो चुकीचा आहे. जुन्या टेलिफोनवर सुमारे ३०० हर्ट्झखालचे काहीही पोहोचत नसे, तरीही पलीकडचा आवाज पुरुषाचा की स्त्रीचा आणि त्याची उंची किती, हे कळत असे. कारण वरच्या उपस्वरांमधील अंतरावरून मेंदू गैरहजर मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. टेलिफोनवर हरवत असे ते आवाजाचे वजन. स्वराची उंची आणि शब्दांचा अर्थ मात्र शाबूत राहत.

शब्द आणि ओळख ही दोन्ही ठरतात ती फॉर्मंटमुळे. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्या काही विशिष्ट वारंवारतांना बळ देतात, आणि अशा बळ मिळालेल्या जागांना फॉर्मंट म्हणतात. ‘आ’ उच्चारताना पहिले दोन फॉर्मंट ढोबळमानाने ७०० ते १२०० हर्ट्झच्या पट्ट्यात जवळजवळ येतात, तर ‘ई’ उच्चारताना पहिला ३०० हर्ट्झच्या आसपास उतरतो आणि दुसरा २००० हर्ट्झच्या पुढे जातो. त्यामुळे ज्या इअरफोनात १००० हर्ट्झच्या आसपास खळगा असतो, त्यावर आकारात घेतलेली तान पोकळ, पिंपात गायल्यासारखी वाटते, आणि तीच तान सरगममध्ये घेतली तर दोष तितका जाणवत नाही. स्वीडिश संशोधक योहान सुंदबर्ग यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की पाश्चात्त्य ऑपेराच्या तालमीत तयार झालेल्या पुरुष गायकांच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास अनेक फॉर्मंट एकवटतात आणि त्या जोरावर तो आवाज ध्वनिवर्धकाशिवाय संपूर्ण वाद्यवृंदाच्या वर तरंगतो. मायक्रोफोनसमोर हळुवार म्हटलेल्या भावगीताला अशा तरंगण्याची गरज नसते. तरीही इअरफोनचे बरेचसे भवितव्य याच ३००० हर्ट्झच्या जागी ठरते, आणि त्याचे कारण गायकाच्या गळ्यात नसून ऐकणाऱ्याच्या कानात आहे.

प्रौढ माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचे एक टोक उघडे आणि दुसरे पडद्याने बंद असल्यामुळे बासरीतल्या हवेप्रमाणे तिच्यातली हवाही एका ठरावीक वारंवारतेला अनुनाद देते, म्हणजे त्या वारंवारतेचा ध्वनी आपोआप वाढवते. ही वारंवारता २७०० ते ३००० हर्ट्झच्या आसपास पडते आणि कर्णपाळीच्या पसरट भागाची मदत धरून पडद्यापाशी होणारी वाढ १० ते १५ डेसिबल इतकी असते. मैफलीत बसलेल्या श्रोत्याचा मेंदू ही वाढ जन्मापासून गृहीत धरत आलेला असतो. इअरफोन नळीचे तोंड बंद करतो तेव्हा दोन्ही टोके बंद झाल्याने हा नैसर्गिक अनुनाद तिथून हलतो आणि बराच वर, ७००० ते ९००० हर्ट्झच्या दरम्यान, कुठे तरी जाऊन बसतो. परिणामी जो इअरफोन यंत्राच्या दृष्टीने सर्व वारंवारता सारख्याच जोराने वाजवतो, तो कानाला मात्र मंद आणि घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. हिरावून घेतलेली वाढ निर्मात्याला आपल्या हाताने परत भरून द्यावी लागते. ती किती आणि नेमकी कुठे भरावी, हाच या क्षेत्रातला मूळ वाद आहे.

या वादाला चार दशकांचा इतिहास आहे. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातून आलेले मीड किलियन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत एटिमोटिक ही संस्था स्थापन केली आणि १९९१ मध्ये तिचा ईआर-४ हा इअरफोन बाजारात आला, जो कानात खोलवर जाणारा, बेताचा खर्ज असलेला आणि सर्व दिशांनी सारखा येणारा ध्वनी पडद्यापाशी जसा पोहोचेल त्या नमुन्यावर जुळवलेला होता. रंगमंचावरील वादकांसाठी जेरी हार्वी यांनी १९९५ च्या सुमारास कानाच्या साच्यातून बनवलेले इअरफोन आणले. त्यांचा हेतू आस्वादापेक्षा गोंगाटात स्वतःचा आवाज ऐकू येणे हा होता, आणि कानातल्या इअरफोनांना लावले जाणारे ‘मॉनिटर’ हे नाव त्या वंशाचे आहे. पुढे हार्मन या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. आदर्श काय असावा हे सिद्धांतातून न काढता त्यांनी अनेक श्रोत्यांपुढे वेगवेगळे स्वरसमतोल ठेवले, कोणता अधिक आवडतो ते नोंदवले, आणि त्या पसंतीवरून २०१७ च्या सुमारास कानात बसणाऱ्या इअरफोनसाठी एक लक्ष्यरेषा, म्हणजे कोणती वारंवारता किती जोरात वाजावी याचा आदर्श आलेख, प्रसिद्ध केली, जी २०१९ मध्ये सुधारली गेली. आजच्या बाजारातील बरेचसे स्वस्त आणि चांगले इअरफोन याच रेषेची कमीअधिक नक्कल आहेत.

गायनासाठी मात्र ही रेषा जशीच्या तशी घ्यावी काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. तिच्यात खर्जाला मोठा उठाव आहे, २०० ते ४०० हर्ट्झचा भाग त्या मानाने खाली ठेवलेला आहे आणि ३००० हर्ट्झजवळचा चढ ठसठशीत आहे. पाश्चात्त्य पॉप संगीतात, जिथे ढोल आणि बेस गिटार यांचे काम अगदी खालच्या भागात चालते आणि आवाज ध्वनिमुद्रणातच जाड केलेला असतो, तिथे हा समतोल फार रंगतो. पुरुषी आवाजातला अभंग ऐकताना मात्र मध्यम पट्ट्याच्या तळाशी केलेली ही बचत जाणवते. आवाज स्पष्ट ऐकू येतो, पण छातीपासून न येता ओठांपासून येतो. याउलट तार सप्तकात चढणारा स्त्रीचा आवाज ३००० हर्ट्झच्या ठसठशीत चढावर आदळला की अर्ध्या तासात कान थकतात. ‘आवाज पुढे आणणारा’ म्हणून नावाजला गेलेला इअरफोन प्रत्यक्षात केवळ याच चढाची मात्रा वाढवलेला असतो, असे पुष्कळदा आढळते. आवाजाला देह देणारा १५० ते ५०० हर्ट्झचा भाग किंचित भरलेला आणि ३००० हर्ट्झचा चढ किंचित आवरलेला, अशी जुळवणी दैनंदिन गायनश्रवणाला अधिक मानवते. अर्थात भरण्यालाही मर्यादा आहे: ३०० हर्ट्झच्या आसपासची भर जास्त झाली की तबल्याचा डग्गा, तंबोऱ्याचा खर्ज आणि गायकाचा मंद्र हे तिन्ही एकमेकांत कालवले जातात. खालचे जोरकस ध्वनी वरच्या नाजूक ध्वनींना झाकून टाकतात, हा श्रवणाचा जुना नियम इथे थेट लागू होतो. म्हणूनच खर्ज आणि ट्रेबल (वरचा पट्टा) दोन्ही उचलून मध्य भाग दाबलेली जुळवणी, जिला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची म्हणतात आणि जी स्वस्त बाजारात अजूनही सर्वाधिक दिसते, गाण्यासाठी सर्वांत कमी उपयोगी असते.

वरच्या पट्ट्याची कसोटी व्यंजनांवर लागते, आणि मराठी श्रोत्याकडे तिच्यासाठी एक आयते साधन आहे. ‘चहा’मधला च तालव्य आहे आणि ‘चमचा’मधले दोन्ही च दंततालव्य, ‘जग’ हा एकच लिहिलेला शब्द दुनिया या अर्थी एका ज ने आणि जगण्याच्या आज्ञेत दुसऱ्या ज ने उच्चारला जातो. दंततालव्य उच्चारातील घर्षणाची ऊर्जा तालव्यापेक्षा अधिक वर, साधारण ५००० ते ८००० हर्ट्झच्या भागात पसरते, आणि स-कारही याच वस्तीतला आहे. इअरफोन बसवल्यामुळे हललेला नळीचा अनुनादही नेमका याच शेजारी येऊन बसतो. दोन्हींची गाठ पडली की प्रत्येक स सुईसारखा टोचतो. हा भाग उलट फार दाबलेला असला तर दोन च मधला फरक पुसट होतो आणि गायकाचा श्वास ऐकू येईनासा होतो. ध्वनिमुद्रित पुस्तके आणि अभिवाचने ऐकणाऱ्यांनी तर हीच कसोटी पहिली धरावी, कारण तिथे दोष झाकायला वाद्येच नसतात.

इथवरचे सर्व विवेचन एका अटीवर उभे आहे, आणि ती अट म्हणजे इअरफोन कानात हवाबंद बसला पाहिजे. टोकावरची रबरी टोपी, जिला बाजारात टिप म्हणतात, नळीला सर्व बाजूंनी न चिकटता कुठे तरी फट ठेवून बसली, तर त्या फटीतून खालच्या वारंवारता निसटतात, आणि फट मोठी असेल तर ही गळती थेट गळ्याच्या मूळ स्वरांपर्यंत पोहोचते. अनेकांना ‘पातळ’ वाटलेले इअरफोन मुळात पातळ नसतात, त्यांची टोपी चुकीच्या मापाची असते. डाव्या आणि उजव्या कानाचे माप वेगळे असणे अगदी सामान्य आहे, आणि तसे असेल तर दोन बाजूंना दोन मापांच्या टोप्या घालण्यात काही वावगे नाही. सिलिकॉनच्या टोप्या टिकाऊ आणि धुण्याजोग्या असतात. फोमच्या टोप्या दाबून घातल्यावर नळीत फुगतात, बाहेरचा आवाज अधिक अडवतात, वरचा पट्टा थोडा मवाळ करतात आणि काही महिन्यांत निकामी होतात. टोपीचे भोक अरुंद असेल तर ट्रेबल सहसा दबतो, रुंद असेल तर मोकळा होतो. किती खोल घालायचे यालाही महत्त्व आहे, कारण खोली बदलली की वर सांगितलेला ७०००-९००० हर्ट्झचा अनुनाद सरकतो आणि टोचणारा इअरफोन अर्धा सेंटिमीटर आत गेल्यावर निमूट होऊ शकतो. आणखी एक अडचण सोबत गुणगुणणाऱ्यांची आहे: बंद नळीत स्वतःचा आवाज हाडांमार्गे येऊन घुमतो, आणि नुसते नळीच्या तोंडाशी अडकवलेल्या इअरफोनात हे घुमणे सर्वाधिक असते. एका माणसाच्या कानात उत्कृष्ट ठरलेला इअरफोन दुसऱ्याच्या कानात सामान्य ठरतो, त्याचे रहस्य अभिरुचीपेक्षा या तीन-चार मिलिमीटरांच्या हिशेबात अधिक आहे.

आलेखांवर विसंबणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवणे बरे. इअरफोनची मोजमापे बहुधा १९८१ मध्ये प्रमाणित झालेल्या, सरासरी प्रौढ कानाची नक्कल करणाऱ्या कृत्रिम नळीवर घेतलेली असतात. ही नळी सुमारे ८००० हर्ट्झपर्यंत विश्वसनीय आहे; त्यापुढे आलेखात दिसणारे शिखर इअरफोनचे की नळीचे, हे सांगणे कठीण होते. गळ्याच्या पट्ट्यापुरते आलेख मात्र फार उपयोगी पडतात, आणि २०० ते ४००० हर्ट्झमधील रेषेचा आकार पाहून निम्मे उमेदवार न ऐकताच बाद करता येतात.

आतल्या यंत्रणेविषयी जाहिरातींत जितके बोलले जाते तितके तिचे महत्त्व नाही. डायनॅमिक प्रकारात चुंबकाच्या क्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे एका पातळ पडद्याला हलवते. बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारात, जो श्रवणयंत्रांतून आला, एक सूक्ष्म लोखंडी पट्टी दोन चुंबकांमध्ये डोलते. प्लेनर प्रकारात वाहक मार्ग पडद्यावरच पसरलेला असतो. एका कानात पाच-सहा आर्मेचर बसवून प्रत्येकाला वेगळा पट्टा वाटून देणाऱ्या रचना पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काहींत नेमका आवाजाचा पट्टा दोन आर्मेचरांत दुभंगून त्याची सलगता बिघडते. एका चांगल्या डायनॅमिक पडद्यावर गळा अखंड राहतो. पडद्यांची संख्या म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे सांगण्याची वेळ यावी इतका हा समज पसरलेला आहे. अनेक आर्मेचर असलेल्या रचनेत आणखी एक तांत्रिक मेख असते: तिचा विद्युतरोध वारंवारतेनुसार बदलतो, त्यामुळे ज्या उपकरणाचा स्वतःचा रोध जास्त आहे त्याला ती जोडली की स्वरसमतोलच बदलतो. फोनला लावायचे साधे, कमी रोधाचे डोंगल यावर पुरेसे उत्तर आहे.

किमतीच्या बाबतीत २०२० नंतर चित्र पालटले. चीनमधील मूनड्रॉप, सेव्हन हर्ट्झ, ट्रूथिअर अशा कंपन्यांनी स्वस्त वायरवाल्या इअरफोनांत, पूर्वी कित्येक पट किमतीत मिळणारा समतोल आणला. २०२२ मध्ये आलेले मूनड्रॉपचे चू आणि सेव्हन हर्ट्झचे सॉलनोट्स झिरो ही त्याची ठळक उदाहरणे होत. दोन्ही हार्मनच्या कुळातले आहेत, स्वच्छ आहेत, आणि दोन्हींवर स्त्रीचा आवाज पुरुषाच्या आवाजापेक्षा अधिक खुलतो. जपानच्या फायनल या कंपनीचा ई३००० हा त्यांच्या अगदी उलट बाजूचा: वरचा भाग मवाळ, खालचा ऊबदार, तपशिलात काहीसा आळशी, पण जुन्या गाण्यांना फार सांभाळून घेणारा. एटिमोटिकची ईआर-२ मालिका आवाजाच्या सच्चेपणात या सर्वांच्या पुढे आहे, मात्र तिची खोल जाणारी तीन पदरी टोपी अनेकांना सहन होत नाही. या पायरीच्या वर दहापट पैसे मोजून मिळते ते बहुतांशी सूक्ष्म तपशील आणि कारागिरी. गळा त्या प्रमाणात दहापट खरा होत नाही.

बिनतारी इअरफोनांची सोय नाकारता येत नाही आणि मुंबईची लोकल किंवा पुण्याचा रस्ता यांत तर आवाज-निवारणाची यंत्रणा खरोखर कामाची असते. ही यंत्रणा बाहेरच्या आवाजाच्या उलट लहरी निर्माण करून तो मिटवते आणि मुख्यतः सुमारे १००० हर्ट्झखालच्या एकसुरी घरघरीवर चालते. चाकांची घरघर तिला जमते, शेजारच्या प्रवाशांच्या गप्पा तितक्या जमत नाहीत. घरघर नेमकी गळ्याच्या मूळ स्वरांवर बसत असल्याने ती गेली की आवाजाला देह परत मिळतो. ब्लूटूथवर ध्वनी आकुंचित करण्याच्या पद्धतींवरून बराच काथ्याकूट चालतो, परंतु गायनापुरते पाहता साध्या आणि महागड्या पद्धतीतला फरक हा टोपीच्या मापाने पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ आहे.

काय ऐकायचे आहे, यावरही निवड अवलंबून आहे. भारतातील अगदी पहिल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणांपैकी काही १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांच्या आवाजात झाली, ती मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यात गाऊन. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ नंतर रूढ होऊ लागले. बालगंधर्वांच्या काळच्या तबकड्यांवर वरचा पट्टा मुळातच थोडका आहे आणि जो आहे त्यात सुईची खरखर मिसळलेली आहे, म्हणून झगझगीत इअरफोन तिथे गळ्याऐवजी खरखर उजळतो. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’सारखे त्या काळचे ध्वनिमुद्रण एकमार्गी, म्हणजे मोनो असल्याने दोन्ही कानांना एकच ध्वनी मिळतो आणि गायक समोर न बसता डोक्याच्या मध्यभागी बसल्यासारखा वाटतो. ‘प्रशस्त ध्वनिमंच’, म्हणजे आवाज आजूबाजूला पसरल्याचा भास, हा इअरफोनचा बहुचर्चित गुण इथे अगदी निरर्थक होतो. उलट, केवळ हा ५६ गीतांचा संच सलग ऐकण्याचा बेत असलेल्या श्रोत्याला मवाळ ट्रेबल आणि भरीव मध्य यांखेरीज दुसरे काही पाहण्याचे कारण उरत नाही. आजच्या स्टुडिओतील गाण्यांत मात्र आवाज आधीच दाबून, उजळून, ओठांशी मायक्रोफोन धरून नोंदवलेला असतो. त्यावर पुन्हा उजळ इअरफोन म्हणजे रंगवलेल्या भिंतीवर दुसरा हात देण्याचा प्रकार.

नवा इअरफोन घेण्याआधी हाताशी असलेल्याचा समतोल बदलून पाहणे हा उपाय उपेक्षित राहतो. फोनवरील इक्वलायझरमध्ये ३००० हर्ट्झजवळ दोन-तीन डेसिबल उतरवणे आणि २५० हर्ट्झजवळ एक-दोन चढवणे, एवढ्यानेही ‘व्होकलसाठी नसलेला’ इअरफोन व्होकलचा होऊ शकतो. तुलना करताना दोन्ही बाजूंचा जोर सारखा ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण एखादा डेसिबल मोठा वाजणारा इअरफोन कानाला मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि दुकानातील बहुतेक निर्णय या भ्रमावर होतात.

जोराचा प्रश्न केवळ तुलनेपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सुरक्षित मात्रा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास इतकी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीबरोबर हा अवधी निम्मा होतो. ८६ डेसिबलवर तो १० तासांवर येतो. हळू ऐकणे हिताचे असले तरी त्याचा स्वरसमतोलावर परिणाम होतो, कारण हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे जोर कमी झाला की खालचे ध्वनी वरच्यांपेक्षा लवकर मावळतात. त्यामुळे रात्री उशिरा, घरातली माणसे झोपल्यावर, अगदी हळू आवाजात ऐकणाऱ्याने दुकानात किंचित जड वाटलेला इअरफोन घ्यावा. त्याच्या नेहमीच्या जोरावर तो जडपणा उरत नाही आणि पुरुषी गळ्याचा षड्ज तेवढा शिल्लक राहतो.